विमल तर जवस खात होती

बसा, सगळे बसा. मागं वडनेरच्या बाया उभ्या आहेत, त्यांना पुढं जागा द्या.

आपण विमलसाठी आलात. मी तिचा मोठा भाऊ. सिंदीले माझं तेलाचं दुकान आहे. माईकपुढं मले बोलता येत नाई, त्यात डोकं ठिकाणावर नाई. चुकलं तर सांभाळून घ्या.

विमल कॉलेजात शिकवायची. जेवणातली तेलं हृदयाच्या पेशींचं काय करतात, याच्या शोधात तिनं उमर घालवली. तिच्या ताटात जवसाची चटणी असायचीच. रोज फिरायले जायची. आणि मागच्या आठवड्यात, माझ्याच घरी चहा घेता घेता तिनं जबडा धरला. म्हणाली, "दादा, गाडी काढ. हे हृदयाचं आहे."

तिनं ओळखलं होतं. आमी दवाखान्यात पोचलो. डॉक्टरांनी होतं नव्हतं ते सगळं केलं. विमल गेली.

मी तिच्याहून थोरला. भजी खातो, तेलकट तर्री ओढतो, आणि मी इथं उभा आहे. काऊन? मले कोणी सांगा, काऊन?

घाटावर एक जण म्हणाला, "एवढं शिकून काय फायदा झाला?" मले राग आला. 

एकदा तिनं मले प्रयोगशाळेत नेलतं. म्हणाली, "दादा, या भिंगातून पाह्य." खाली बशीत उंदराच्या हृदयाच्या पेशी होत्या. उंदीर नाई, छाती नाई, आणि त्या धडधडून राह्यल्या होत्या! अंगावर काटा आला माझ्या.

ती म्हणाली, "जखम धुवायचं फेसाळणारं औषध असते ना, ते यांच्यावर टाकते. लोखंड गंजते, तशा या पेशी खराब होतात." ज्या पेशींना आधी जवसाच्या तेलातला अंश दिलता, त्या जास्त टिकल्या. मी खूश. म्हणालो, "दुकानावर पाटीच लावतो!"

विमल हसली नाई. तिनं दुसरी बशी दाखवली. "यांना तोच अंश जास्त दिला. पाह्य, या औषध टाकायच्या आधीच मेल्या."

"काऊन?"

"तुझं जवसाचं तेल उघडं राह्यलं तर काय होते?"

"खवट होते."

"पेशीत जाऊनही खवट होते, दादा. थोडं असलं तर पेशी सावध होऊन बचावाले तयार होते, जास्त झालं तर तेच मारते. पण माणसात थोडं म्हणजे किती, जास्त म्हणजे किती, हे मले अजून नाई समजलं."

मी म्हणालो, "तुलेच नाई समजलं, तर आमी काय समजावं?"

"म्हणून तर रोज येते इथं," ती म्हणाली.

वडनेरले ती आहाराचं सांगायले जायची. तिथं शांताबाईंनी चटणी सुरू केली आणि बीपीची गोळी सोडून दिली. विमल चिडली होती त्यांच्यावर. "मावशी, गोळी काऊन सोडली? मी चटणी सांगितली, दवा म्हणून नाई सांगितली!"

त्या शांताबाई आज आल्या आहेत. आत येताना त्यांनी मले बाजूले घेतलं. म्हणाल्या, "भाऊ, मॅडम तर जवस खात होत्या. आता आमी खावं का सोडावं?"

मी म्हणालो, आत चला, तिथं सांगतो. 

शांताबाई, आता सगळ्यांपुढं सांगतो. चटणी खात जा, घासापुरती. गोळी डॉक्टरले विचारल्याबिगर सोडू नका. छाती भरून आली, जबडा दुखला, तर घरच्यांना लगेच सांगा, दवाखाना गाठा. एवढं मले तिच्याकडून समजलं.

ती काऊन गेली, ते नाई समजलं. डॉक्टर म्हणाले, कधी कधी सगळी काळजी घेऊनही होते. असेल. पण हे 'कधी कधी' माझ्याच बहिणीच्या वाट्याले का यावं? विचार करकरून थकलो मी.

चला, उभे राहू या. मोठ्यानं कोणी काही म्हणू नका. विमलले गोंगाटात विचार करता येत नसे. थोडा वेळ, तिच्यासाठी, आपण सगळे गप्प राहू.