हळदीतला नवरदेव आणि तापलेली मोटार

सायवनच्या थांब्यावर लाहू एसटीची वाट पाहत बसला होता. समोर एक मोटार बॉनेट उघडून वाफ सोडत होती. तिच्यातून उतरलेली, गाणी गाऊन लग्न लावणारी धवलेरी, तुळशीआजी, त्याच्या शेजारी येऊन टेकली. हळद लागलेला नवरदेव मिथुन उभाच राहिला.

"कालच घरी कूलंट बदललं, आजी."

"म्हणूनच म्हटलं, आज एवढी का तापली."

"आत हवा राहिली असेल. नवं भरल्यावर इंजिन चालू ठेवून ती काढायची असते."

"मग काढली का नाहीस?"

"व्हिडिओ तिथपर्यंत आला आणि रेंज गेली."

"हळद लागल्यावर नवऱ्याने वेशीबाहेर पडू नये, हे त्या व्हिडिओत आधी सांगितलं नव्हतं का?"

"तुला गाडीतून न्यायचं होतं ना."

"नेलंस की. एसटीच्या थांब्यापर्यंत."

"मांडवात सगळे खोळंबलेत. तुझ्याशिवाय लग्न लागायचं नाही."

"चालत निघाले असते तर एव्हाना माझी दोन गाणी झाली असती."

मिथुनचा फोन वाजला. तो बाजूला जाऊन बोलला आणि मान खाली घालून परतला.

"योगिता होती. भावाला मोटारसायकल घेऊन पाठवतेय. एकालाच आणायला सांगितलंय त्याला."

"नवरीने कोणाला बोलावलंय?"

"तुला."

"पोरगी शहाणी आहे."

लाहूने बाकावर सरकून नवरदेवाला जागा करून दिली.