परका कोणी नाही

मंडळी, ऐका. एकच प्रश्न विचारतो. ज्यानं अख्ख्या देशाला चांगलं शिकवलं, पण स्वतः घरात उलटं वागला — त्याचा पुतळा उभारावा, का पाडावा? पुढचे म्हणतात उभारावा, मागचे म्हणतात पाडावा. वा! गोष्ट ऐकायच्या आधीच निकाल!

तर एक देश होता. कुठला ते विचारू नका, इथंच भांडण लागेल! त्या देशाचे थोर पुढारी जनार्दनराव. देश स्वतंत्र झाला त्या दिवशी ते एवढंच बोलले — "या देशात परका कोणी नाही." बस्स! शाळाशाळांच्या भिंतींवर ते वाक्य, नाण्यांवर ते वाक्य. आपण कोण, हे लोक त्याच वाक्यानं सांगू लागले.

जनार्दनराव वारले. त्यांच्या जन्मगावी, कुंभेरीला, पुतळा बसायचा ठरला. भाषणाचा मान मिळाला त्र्यंबक गुरुजींना. गुरुजींनी उभा जन्म पोरांना तेच वाक्य गिरवायला लावलेलं! जनार्दनरावांच्या, म्हणजे साहेबांच्या, बालपणीच्या चार आठवणी मिळाव्यात म्हणून ते आदल्या दिवशीच गावात आले. कुणीतरी सांगितलं, ओढ्यापलीकडे साहेबांची सख्खी बहीण राहते, गिरिजाबाई.

बहीण? साहेबांना बहीण आहे, हे आजवर गावाबाहेर कुणाच्या कानावर आलं नव्हतं!

येणार कसं? गिरिजाबाईंनी लग्न केलं गावकुसाबाहेरच्या कोंडिबाशी. दोघं जोडीनं भावाच्या पाया पडायला गेली, तर साहेबांनी आतून कडी लावली. ते वाक्य बोलून झाल्यानंतर, बरं का! मरेपर्यंत बहिणीचं नाव घेतलं नाही.

गुरुजी ओढ्यापलीकडे गेले आणि त्यांनी हे खुद्द बाईंच्या तोंडून ऐकलं. खोटं आहे, असं ते कसंबसं पुटपुटले. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी भिंतीकडे बोट केलं. तिथं साहेबांचा फोटो, त्याला ताजा हार!

गुरुजींना काही उमजेना. तेव्हा बाईंनी पुढचं सांगितलं. लग्नानंतर दोघं पाणी भरायला गेली, तर गाव काठ्या घेऊन विहिरीवर आडवं आलं. कोंडिबा कट्ट्यावर चढला, मोठ्यानं ते वाक्य म्हणाला आणि विचारलं, हे कोण बोललं? तुमच्याच गावचा ना? हळूहळू काठ्या खाली आल्या.

"भावानं दार लावलं, गुरुजी," बाई म्हणाल्या, "पण त्याच्या बोलण्यानं विहीर उघडली. दोन्ही खरं आहे. उद्या दोन्ही सांगा."

आणि त्यांनी चहाचा कप पुढं केला. मंडळी — गुरुजींचा हात उचलेना! बाई कप धरून उभ्या. गुरुजी स्वतःच्या हाताकडे बघताहेत, साप दिसावा तसे. ज्या हातानं हजार वेळा फळ्यावर ते वाक्य लिहिलं, तोच हा हात? चहा गार झाला. मग तो त्यांनी घेतला आणि मान खाली घालून संपवला.

दुसऱ्या दिवशी मंडपात त्यांनी सगळं सांगितलं. कडी, विहीर, आणि स्वतःचा हातसुद्धा. अध्यक्षांनी कर्णा बंद करवला. पुतळ्यावरचा पडदा ओढायला कोणी उठेना. शेवटी गिरिजाबाई उठल्या. गर्दीनं झटकन बाजूला सरून वाट दिली. मान म्हणून, का शिवू नये म्हणून — गुरुजींना ते शेवटपर्यंत कळलं नाही. बाईंनी पडदा ओढला आणि आल्या वाटेनं घरी गेल्या.

पुतळ्याचं काय करायचं, ते तुम्ही ठरवा. आता प्रसादाची पंगत बसेल. कोण कुणाशेजारी बसतो, कोण कुणाला बघून उठतो — मी खांबाजवळ उभा राहून बघणार आहे. चला, टाळ ठेवा, हात धुवा.