नऊ वाजून दहा मिनिटांचा फोन

मंगळवार, चार मार्च, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं. ज्यांच्याकडे पेन आहे त्यांनी एवढी वेळ टिपून ठेवावी; तिच्याकडे मी परत येणार आहे. आता रीतसर. आदरणीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत ते शाखाप्रमुख साहेब, माझ्या जुन्या सहकारी भगिनींनो, आणि दाराशी उभं राहून चहाचा अंदाज घेणाऱ्या वाचकबंधूंनो,

मला साहेबांविषयी चार चांगले शब्द बोलायला सांगितलंय. ग्रंथालयाच्या या शाखेत देवघेवीच्या टेबलावर मी एकतीस वर्षं बसले. चांगलं असेल ते चांगलं म्हणायला मला जड जात नाही. साहेबांनी घरपोच पुस्तकं सुरू केली. माझ्या गुडघ्यांनी त्यावर टाळ्या वाजवल्या, तुम्हालाही ऐकू आल्या असतील. शनिवारी लहान मुलांसाठी गोष्टींचा तास सुरू केला. ज्या खोलीत मी जन्मभर बोट ओठावर ठेवून बसले, तिथे पोरं आता हत्तीचे आवाज काढतात, आणि छत अजून जागेवर आहे.

आता तिसरी सेवा. आठवणीचा फोन. पुस्तक वेळेत आलं नाही, की ते येईपर्यंत रोज सकाळी फोन येतो.

चार मार्चला तो मला आला. आयुष्यात पहिल्यांदा माझं पुस्तक एक दिवस लांबलं होतं. मी उचलला, आणि सोळा वर्षांपूर्वी गेलेली माझी धाकटी बहीण मला म्हणाली, "नमस्कार. आपलं पुस्तक अजून आलेलं नाही. उद्या परत करा. आम्ही वाट पाहतो."

हातातला कप कुठे ठेवला ते मला दुपारी कळलं.

नव्या मंडळींसाठी सांगते. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही, त्यांच्यासाठी धाकटी कॅसेटवर पुस्तकं वाचायची. इथलीच जिन्याखालची खोली, खिडकीला घोंगडी, पंखा बंद. ती वाचायची आणि मी शेजारी बसून बटण दाबायची. एकशे बारा कॅसेटी. त्यांतला शब्दन् शब्द मी ऐकलाय. म्हणून त्या फोनमधला कुठला शब्द कुठून कापलाय, ते मी सांगू शकते. 'नमस्कार' प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीचा. 'आम्ही वाट पाहतो' हे एका कादंबरीतल्या आईच्या पत्रातलं. आणि 'उद्या'? तो कुठल्याच पुस्तकातला नाही.

मी संगणकावरच्या बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "काकू, आवाज काय गोड आहे ना! जुन्या खोक्यात मिळाला. नुसती खरखर होती मधे मधे, ती सगळी काढून टाकली बघा."

"ती खरखर नव्हती," मी म्हटलं. "तिला दमा होता."

आमचे जुने सभासद, दृष्टी नसलेले टेलिफोन ऑपरेटर, तिसऱ्या रांगेत बसलेत. त्यांनाही फोन आला. त्यांनी मला विचारलं, "ताई, धाकट्या बाई परत कामावर आल्या का?" मग तेच म्हणाले, "आवाज त्यांचाच आहे हो. पण त्या मधे श्वास घेत नाहीत."

सभागृहात एवढी शांतता माझ्या कारकिर्दीत कधी मिळाली नव्हती. असो.

तर, 'उद्या'. एकशे बारावी कॅसेट. पुस्तकाची दोन प्रकरणं राहिली होती. ती थांबली आणि म्हणाली, "ताई, पुरे गं. घसा गेला. आता उद्या." बटण बंद करायचं काम माझं, आणि मी ते विसरले, कारण मी चिडले होते. मी म्हटलं, "रोज मेलं तुझं उद्या, उद्या! लोक वाट बघतायत." त्यावर ती काहीतरी म्हणाली. मग मी बटण दाबलं.

उद्या ती आली नाही. चौथ्या दिवशी दवाखान्यातच ती गेली.

काय म्हणाली ती? हसली का? कधी वाटतं, हसली. कधी वाटतं, "बरं, वाचते," म्हणाली आणि मीच पुस्तक मिटलं. सोळा वर्षं मी ती कॅसेट ऐकायचं धाडस केलं नाही. इथल्या कपाटात आहे, एवढं पुरत होतं. आता विचारलं तर बाई म्हणतात, "जुन्या सामानात गेली असेल, साहेबांना विचारा." साहेब म्हणतात, "बघतो." आणि मग म्हणाले, "एका शब्दाचं एवढं काय घेऊन बसलात, बाई?"

साहेब, शब्द तुमच्याकडे आहे. मला त्याच्या पुढचं हवंय.

हा फोन बंद करा, असंही मी म्हणायला हवं. तीन आठवडे अर्ज लिहिते आहे. त्या ओळीपाशी पेन थांबतं. हे पुस्तक पाहा. माझ्या पिशवीत आहे, कधीच वाचून झालंय. ज्या बाईने तुम्हा सगळ्यांना एका दिवसाच्या उशिरासाठी टेबलापाशी उभं केलं, तिने ते तेवीस दिवस परत केलेलं नाही. तेवीस सकाळी तेवीस फोन, रविवारचीही सुट्टी नाही. का, ते विचारू नका.

व्यासपीठाने मला बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. निरोपाच्या प्रसंगी तोंडाला आवर राहिला नाही, तेवढं पोटात घाला. साहेबांना नव्या जागी यश लाभो. पण सोमवारी ते इथला कारभार सोपवतील, आणि मग 'मला कल्पना नाही' म्हणणारे नवे साहेब येतील. आमच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टर म्हणायच्या, तोंडी असते ती कुरकुर, लेखी असते ती तक्रार. हा घ्या लेखी अर्ज, पोच द्या. एकशे बारावी कॅसेट कुठे आहे, आणि ती न कापता, न पुसता, श्वासासकट मला कधी मिळेल, याचं उत्तर शुक्रवार, अठ्ठावीस मार्च, संध्याकाळी पाचच्या आत हवं. लेखी, सहीनिशी.

फोन करू नका. सकाळी नऊपासून तो मला मोकळा लागतो.