कोरी निघालेली काच

(दुपार. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तपासणीच्या काचपट्ट्या रंगवणारी धाकटी बहीण भावाच्या खाटेशी स्टूल ओढून बसते.)

धाकटी: दादा, असा जवळ सरक. आज गोष्ट मी सांगते, तू नुसता कान दे.

दादा: सकाळी फोनवर एवढी गोड बातमी दिलीस, आता वर गोष्टही?

धाकटी: त्या बातमीचीच आहे. तुझ्या यकृतातल्या गाठीचा तपासणीला काढलेला तुकडा मीच रंगवला ना? गाठीभोवती शरीराचे पहारेकरी जमले असतील, तर ते तपकिरी दिसतात. ते जितके कमी, तितकं बरं.

दादा: आणि एकही दिसला नाही! तुझी वहिनी तेव्हापासून दोनदा हसली.

धाकटी: दादा, निरोगी यकृतातही थोडे असतातच. एकही नाही, असं होतच नाही. बारा वर्षं हेच करते मी. पण काच कोरी दिसली आणि माझं भान सुटलं. धावत जाऊन तुला फोन लावला.

दादा: म्हणजे?

धाकटी: रंग चढलाच नव्हता. पुन्हा रंगवली.

दादा: बोल लवकर. पोटात एक गोळा आहे तेवढा पुरे, दुसरा नको आणूस.

धाकटी: गाठीच्या कडेला दाट उभे आहेत.

दादा: पण पहारेकरी दाट असले तर वाईट का गं? राखायलाच असतात ना ते?

धाकटी: गाठ त्यांना फितवते रे. मग ते लढणाऱ्या पेशींना आत येऊ देत नाहीत. रोगाला मात्र रक्ताची वाट करून देतात.

दादा: आपलेच?

धाकटी: आपलेच.

दादा: पसरलंय तर.

धाकटी: पसरलंय असं नाही. पसरायची भीती जास्त. उद्याच्या ऑपरेशनात डॉक्टरीणबाई गाठीबरोबर कडेचा भागही जास्त काढणार आहेत. पुढची तपासणीही लवकर लवकर.

दादा: सकाळी भीती गेली होती गं. गेलेली परत आली ना, की फार मोठी होऊन येते.

धाकटी: माझ्या उतावळेपणानं. वहिनीला मीच सांगते.

दादा: तुला कळलं तरी कसं?

धाकटी: दर खेपेला सोबत एका जुन्या तुकड्याचीही काच रंगवतो. तिच्यात पहारेकरी आहेत, हे आधीच ठाऊक असतं. फोन ठेवून आले, पाहिलं, तर तीही कोरी. म्हणजे रंगच फसला होता.

दादा: कुणाची ती?

धाकटी: एका माणसाची. नाव ठाऊक नाही, नुसता नंबर. नऊ वर्षांपूर्वी गेला. त्याचा तुकडा मेणात जपलाय, त्यातला पातळ काप घेतो आम्ही.

दादा: त्याच्यामुळे चूक सापडली, हे त्याला कुठे माहीत असणार.

धाकटी: उद्या भूल देतील तेव्हा तू देवाचं नाव घेशीलच. त्याच श्वासात त्यालाही आठव, दादा.