घाटापूर्वीचा सल्ला

“रंभाजीचा गेनू, गेनूचा सहादेव, आन सहादेवाचा तू मच्छिंद्र. व्हय ना?”

जामखेडच्या एस.टी. स्टँडवर बसलेल्या सुनीतीबाईंनी मान वळवली. नव्या मोटारसायकलीचा स्क्रू पिळत बसलेल्या तरुणापाशी एक अनोळखी म्हातारा उभा होता.

“व्हय, बाबा.”

“कार्बोरेटरातून पेट्रोल लई कमी केलंस.”

“ॲव्हरेज वाढंल की!”

“घाटात उपाशी इंजिन तापून जाम व्हईल, चाक जागीच अडकंल आन दरीत जाशील. पेट्रोल वाढव.”

“लई जाणते दिसताय! सोताचा अनुभव व्हय?”

“व्हय. माझं असंच झालं.”

“मग वाचलात कसं?”

“वाचलो कुठं? तुझ्या बापानं दरीत उतरून माझं मढं खांद्यावर वर आणलं.”

मच्छिंद्राने पुन्हा स्क्रूड्रायव्हर उचलला. त्याने कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून पेट्रोल वाढवले.

“झालं. सहादेवाचं माझ्याकडं ऱ्हायलेलं सगळं देणं आज फिटलं,” म्हातारा म्हणाला.