प्रिंटरचं नाव

पवनीत दाखल्याच्या रांगेत उभा होतो. खिडकीआड ऑपरेटर बाई आणि भंडाऱ्याहून आलेला मेकॅनिक कॉम्प्युटरसमोर बसले होते.

“मॅडम, प्रिंटरचा हा ड्रायव्हर कोणी टाकला?”

“मीच. सगळ्यात नवा होता, म्हणून टाकला.”

“म्हणूनच कागदावर नुसत्या खुणा येऊन राहिल्या. आपला प्रिंटर जुना आहे, त्याच्याच मॉडेलचा ड्रायव्हर लागते. थांबा, हा टाकला. आता यादीतली प्रिंटरची जुनी नोंद काढतो. हे ‘तेजरामभाऊ’ काय आहे?”

“प्रिंटरचं नाव. आमचे पहिलेचे ऑपरेटर होते. लोकं प्रिंटर म्हणतच नव्हते, तेजरामभाऊतून कागद काढून द्या म्हणत. मंग त्याईनंच हसत हसत तेच नाव टाकलं.”

“बदली झाली का त्याईची?”

“पोळ्याच्या आदल्या दिवशी वारले.”

“काढू मंग?”

“राहू द्या ना, भाऊ.”

“राहू देलं तर प्रिंट तिकडंच जाऊन अडकते, मॅडम.”

“काढा.”

“नव्या नोंदीले काय नाव देऊ? तुमचं टाकू?”

“तेच टाका.”

प्रिंटर घरघरला. माझ्या पुढच्या म्हाताऱ्यानं खिडकीत डोकं घातलं.

“बाई, तेजरामभाऊ चालू झाला का?”

“झाले जी. आणा तुमचा कागद.”