पाय शांत झाला

लोता: दहा म्हणू नकोस हं, फुआतिनो. दहा देवाचे.

आई: मला ठाऊक आहे. आणि नऊ पाळकबाईंचे.

मकेरिता: अगं मावशी, तू मध्ये बोलू नकोस ना. आई, साधा प्रश्न आहे. आज, आत्ता, तुला कसं वाटतंय? एक म्हणजे अगदी वाईट, दहा म्हणजे उत्तम.

आई: फोनवर पटकन सांगता यायचं. तू अशी समोर बसून बघायला लागलीस की आकडा पळून जातो.

लोता: ऑकलंडहून विमान, मग बोट, मग शेजारच्या सेफोच्या ट्रकमध्ये डुकराशेजारी बसून पोरगी आली, आणि घरात शिरल्या शिरल्या आईची परीक्षा घेते. चहा तरी पी गं.

मकेरिता: परीक्षा नाही मावशी. स्वतःकडे बघायचं असतं, इतकंच. मी नोकरी करते त्या वृद्धाश्रमात रोज सकाळी करतो आम्ही. सांग आई.

आई: सात.

मकेरिता: छान. सातच का?

आई: तुझ्या भावाचा सिडनीहून फोन नाही, त्याचा एक गेला. लोताचा गुडघा दुखतोय, त्याचा एक. बाकी फणसाला फळं लागलीत, तू आलीस. सात होतात की.

मकेरिता: यात तू कुठे आहेस?

आई: मी?

लोता: ती कायम शेवटी जेवते, मकेरिता. स्वतःला मोजणार तीही शेवटीच. तोवर आकडे संपतात.

मकेरिता: बरं, मग दुसरा प्रश्न. पायाची जळजळ?

आई: त्याचं मात्र शून्य. त्याला विचार करावा लागत नाही. आधी कसं व्हायचं, आठवतं ना? भट्टीतल्या तापल्या दगडांवर उभं केल्यासारखं. रात्र रात्र मी पाय घेऊन बसायचे. आता काही नाही. तू फोनवर तुझा आवाज भरून पाठवलास, तो लावायचा, डोळे मिटायचे, श्वास घ्यायचा, सोडायचा. हळूहळू गेलं सगळं.

लोता: गावभर सांगत सुटलीय. चर्चच्या पायरीवर, दुकानात, समुद्रावर शिंपले वेचताना. माझ्या मुलीने नुसत्या श्वासाने दुखणं घालवलं म्हणे.

आई: मग खोटं आहे का? उद्या प्रार्थनेनंतर महिला समितीपुढे बोलायचंय तुला, मकेरिता. पाळकबाईंनी स्वतः विचारलं. निम्म्या बायकांना माझ्यासारखी साखर आहे. सगळ्यांचे पाय जळतात.

मकेरिता: मीही सांगते वृद्धाश्रमातल्या माझ्या वर्गात. माझ्या आईचं उदाहरण देते. तिथल्या म्हाताऱ्या विचारतात, कशी आहे गं तुझी सामोआची आई, आज किती?

आई: माझं नाव ऑकलंडात? अगंबाई.

लोता: आता हिला आठ द्यावे लागणार स्वतःला.

मकेरिता: मावशी, इथे काही मेलंय का? उंदीर वगैरे?

लोता: मी चार दिवस तेच म्हणतेय. जोत्याखाली वाकून बघितलं, काही सापडलं नाही. वारा फिरला की येतो वास.

आई: मासे वाळत घातलेत तिकडे.

लोता: मासे तिकडे आहेत, वास इकडे आहे.

मकेरिता: आई, तू पायावरची चटई काढ जरा.

आई: कशाला? पाय लांब केलेत मी. उघडे पाय लोकांसमोर पसरून बसू? तिकडे राहून रीत विसरलीस का?

मकेरिता: लोक कुठे आहेत? मी आहे आणि मावशी आहे.

आई: मोठी बहीण आहे ती माझी. तिच्याकडे पाय करून?

लोता: मी तोंड फिरवते. काढ.

आई: उगाच काहीतरी.

मकेरिता: आई. काढ ना.

आई: हं. घे. बघ. काही दुखत नाही म्हटलं ना.

लोता: अरे देवा.

आई: तू तोंड फिरवणार होतीस.

मकेरिता: हे कधी लागलं?

आई: काय लागलं?

मकेरिता: तळव्याला. खाली. प्रवाळाचा तुकडा आहे आत, अख्खा. कधी गेला हा?

आई: मला वाकून दिसत नाही गं तिथलं. पोट मध्ये येतं. असेल, शिंपल्यांना गेले तेव्हा. काही कळलं नाही.

मकेरिता: मी आता दाबतेय. इथे. काय वाटतंय?

आई: शांत.

मकेरिता: आणि इथे? अंगठ्याला?

आई: तिथेही. तू म्हणायचीस ना, आता पाय शांत होतोय. तसाच झालाय.

मकेरिता: आई, हे शांत नाहीये.

आई: रडतेस कशाला? लोता, हिला पाणी दे.

मकेरिता: पाणी नको मला. नस मेली की जळजळ थांबते. आधी जळतं, मग काहीच कळेनासं होतं. मला शिकवलेलं आहे हे. वृद्धाश्रमात मी रोज संध्याकाळी म्हाताऱ्यांचे पाय बघते, बोटं वेगळी करून करून बघते. आणि तू फोनवर शून्य म्हणालीस की मी म्हणायचे, शाब्बास.

आई: छान म्हणायचीस तू ते.

लोता: गोळ्या घेत होतीस ना, फुआतिनो?

आई: चहा निवला बघ, मकेरिता.

लोता: फुआतिनो.

आई: बरं वाटत असताना गोळ्या कशाला? मकेरिता सांगायची, शरीर काय म्हणतंय ते ऐका. मी विचारायचे. ते म्हणायचं, बरं आहे.

मकेरिता: आणि नर्स? ती येते ना समितीच्या घरी?

आई: येते. चांगली आहे बिचारी. पाय दाखवा म्हणाली होती. मी म्हटलं, माझी मुलगी बघते माझं.

लोता: मी सेफोला हाक मारते. ट्रक काढू दे. तुआसिवीच्या दवाखान्यात जाऊ आधी, मग उद्याच्या पहिल्या बोटीने अपियाच्या मोठ्या इस्पितळात. मकेरिता, तिची लुंगी घे, पांघरूण घे. सेफो! ए सेफो!

(शंख वाजतो. मग लांबून दुसरा.)

आई: बस खाली, लोता. संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ झाली.

लोता: आज राहू दे प्रार्थना.

आई: राहू दे काय? राखणीची पोरं उभी राहिली बघ रस्त्यावर. या वेळेला गावातून गाडी जात नाही. शेवटचा शंख होईपर्यंत कोणी हलायचं नाही.

मकेरिता: मी जाऊन सांगते त्यांना. आजारी माणूस आहे म्हटल्यावर सोडतील. कोण उभं आहे ते? पालेपोई ना? तो मला ओळखतो.

आई: सोडतीलच. म्हणूनच नको. सगळं गाव घरोघरी चटईवर गप्प बसलंय, घरांना भिंती नाहीत, आणि मधून मी ट्रकमध्ये आडवी. पाळकबाईंच्या घरावरून.

लोता: दंड झाला तर मी भरेन. माशांच्या डब्यांची पेटी आहे माझ्याकडे, माझ्या मयतासाठी ठेवलेली. तीच देते दंडात.

आई: तुझ्या मयताला मग काय वाढायचं?

लोता: तू असशील तर बघशील ना काय वाढायचं ते! थट्टा सुचते हिला.

मकेरिता: आई, हट्ट करू नकोस. पाया पडते तुझ्या.

आई: इतके दिवस अंगात होतं ते आणखी थोडा वेळ राहील. त्याने काय होणारे? खरं सांग. होणारे का काही?

मकेरिता: एवढ्या वेळाने नाही. जे व्हायचं ते झालंय.

आई: मग बस. तूही बस, लोता. गुडघा दुखतो ना तुझा, टेकून बस.

लोता: माझा गुडघा गेला मसणात. मी शेजारी झोपते हिच्या, मकेरिता. एकाच छपराखाली. वास आला तर उंदीर शोधत बसले मी.

आई: हळू बोला दोघी. शेजारी स्तोत्र म्हणतायत. मकेरिता.

मकेरिता: हं.

आई: कापतील का?

मकेरिता: डॉक्टर ठरवतील.

आई: तू रोज पाय बघतेस म्हणालीस.

मकेरिता: हो. बहुतेक. हो.

आई: कुठवर?

मकेरिता: मला नाही सांगता येणार गं आई. लाली वरपर्यंत चढलीय. खरंच मला नाही माहीत.

आई: बरं.

लोता: आपल्या गावातल्या फेतूचा पाय घोट्यापासून काढला होता. चालते ती. चर्चला येते.

आई: फेतूला कुबड्या आहेत आणि पाच मुलगे आहेत.

लोता: तुला मी आहे.

आई: तू आहेस. तुझा गुडघा आहे.

मकेरिता: मी नाही जाणार परत. इथेच राहते मी.

आई: उद्या बोलू त्यावर. आणि समितीला काय सांगायचं?

मकेरिता: सांगेन मी. सगळ्यांनी पाय दाखवा म्हणेन. काय झालं ते सांगेन.

आई: श्वास वाईट आहे असं सांगू नकोस हं. मला झोप लागायची त्याने. दुखणं होतं तेव्हाही लागायची, तुझा आवाज ऐकून. तुझे बाबा गेल्यापासून या घरात कोणी मला सांगितलं नव्हतं, आता काही करू नकोस, नुसती पडून राहा.

मकेरिता: मी पाय बघायला सांगायला हवं होतं. एकदा तरी. व्हिडिओ लाव म्हणायला हवं होतं.

आई: लावला असता तर मी तोंडच दाखवलं असतं. पाय कोण दाखवतं?

लोता: आज प्रार्थना कोण सांगणार? वेळ चाललीय.

आई: मकेरिता सांगेल.

मकेरिता: मला नाही येणार आत्ता. शब्द नाही सुचणार.

आई: प्रार्थना नको, ते सांग. तुझं ते. फोनवर लाज वाटायची, कधी मध्ये काही विचारता यायचं नाही. आज समोर आहेस. देवाला चालतं, तोही ऐकेल. मी आडवी होते.

मकेरिता: आई, नको ना. आत्ता नको.

आई: मला भीती वाटतेय गं.

लोता: सांग तिला, मकेरिता. उशी घे. मान उचल, फुआतिनो. हं.

मकेरिता: डोळे मिट.

आई: मिटले.

मकेरिता: श्वास आत घे. सोड. कुठे जायचं नाही, काही करायचं नाही. कपाळ सैल सोड. भुवया सैल. जबडा सैल.

लोता: झोपली का?

आई: नाही.

मकेरिता: खांदे सैल. हात जड झालेत, चटईवर ठेवून दे. छाती वर येतेय, खाली जातेय. पोट. कंबर. मांड्या जड झाल्यात, त्यांना जमिनीवर टेकू दे. आता गुडघे. गुडघे सैल...

आई: हं. पुढे?

मकेरिता: गुडघे सैल.

आई: पुढचं सांग, मकेरिता. पाय अजून आहे.